परवान्याचा कागद देऊन मोकळे होऊ नका: वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय: पिकांची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही (नीलगाय) गोळी घालून मारण्याचं धोरण

महोदय,

विधानसभेचं अधिवेशन आलं की विदर्भातला कुणी ना कुणी आमदार उभा राहतो आणि म्हणतो, रानडुक्कर उपद्रवी जाहीर करा, शेतकऱ्याला मारायची मोकळीक द्या. बाकं वाजतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आणि इकडे तालुक्याला गाऱ्हाणं घेऊन गेलं की आम्हाला ऐकवलं जातं, "सरकारने परवान्याची सोय केली आहे ना बाई, अर्ज करा आणि मारा." मागच्या हंगामात हे वाक्य मी स्वतः ऐकून आले. हातात मोडलेल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, झाड होतं, हिरव्या बोंडांसकट. ते टेबलावर ठेवू का विचारलं, तर माती सांडेल म्हणाले.

हे पत्र त्यासाठी. ते उघड लिहिते आहे, कारण मारण्याची मागणी आम्हा शेतकऱ्यांच्या नावाने होते आणि ती करताना आम्हाला कुणी विचारत नाही. गावोगावच्या माणसांनीही हे वाचावं आणि पटलं नाही तर तसं सांगावं.

माझं वावर राळेगाव तालुक्यात, जंगलाला लागून. कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, आणि विहिरीने साथ दिली तर हरभरा. पूर्वी ज्वारीही व्हायची. कणसात दाणा भरला की डुकरांचा कळप एका रात्रीत ताटं लोळवून टाकायचा. खायचा थोडं, तुडवायचा सगळं. भुईमूग तर ओळीने उकरत जायचा, नांगर फिरवल्यागत. हळूहळू आमच्या गावात दोन्ही पिकं बंद पडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरं कमी झाली, आणि ज्या घरांचा उकिरडा वर्षभर भरलेला असायचा ती आता शेणखत विकत घेतात. डुकराने खाल्लेल्या कणसाचा हिशेब एखाद्या कागदावर लागेलही. पुढचं हे सगळं कोणत्याच पंचनाम्यात बसत नाही.

रोह्याची तऱ्हा वेगळी. तो चोरून येत नाही. हरभरा घाट्यावर आला की दिवसाउजेडी वावरात उभा राहतो. कुत्रं भुंकलं तर मान वर करतो, बघतो, आणि पुन्हा खाली घालतो. काटेरी कुंपण घातलं तर उडी मारून आत येतो आणि जाताना तार घेऊन जातो. डुकरं त्याच तारेखालून शिरतात. आम्ही जुन्या साड्या बांधून पाहिल्या, बाटल्यांच्या माळा लावल्या, रात्रभर भोंगे वाजवले. चार-सहा दिवस भितात, मग सवय होते. शेवटी राहते जागल. घरातल्या पुरुषाने रात्र मचाणावर काढायची आणि सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण पुढचं वाचून मला शहरातली प्राणिप्रेमी समजून बाजूला सारायला नको. आमच्या घरात मटण शिजतं. उंदराला आम्ही औषध घालतो, बोंडअळीवर फवारतो. कुणाचाच जीव न घेता पिकवता येत असेल तर ती शेती मी पाहिलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जीव घ्यायचा असेल तर त्यातून पीक वाचलं पाहिजे, तो झटक्यात गेला पाहिजे, आणि घेतल्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असली पाहिजे. आज या तिन्हीतलं काहीच होत नाही.

पहिली तक्रार परवान्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक झालेलं जनावर मारायची परवानगी देता येते. ती लेखी हवी, कारणांसह हवी. आपल्या राज्याने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी ही परवानगी कशी द्यायची ते ठरवून दिलं. कागदावर सगळं सुबक आहे. पण मारायचं कशाने? आमच्या गावात परवान्याची बंदूक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत, आणि तीही आजोबांच्या नावावरून बापाच्या नावावर आलेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, ती हीच. नळीत दारू ठासा, छर्रे ठासा, एक बार काढा, पुन्हा ठासायला बसा. तोवर जखमी डुक्कर नाला ओलांडून पलीकडे गेलेलं असतं. रात्रीची वेळ, बॅटरीचा झोत, उभी तूर, समोर हलणारा काळा आकार. नर की मादी, मागे पिलं आहेत की नाहीत, मागे जागलीला बसलेला शेजारी आहे की नाही, काहीच दिसत नाही. अशा वेळी नेम साधून एका गोळीत जनावर पाडणारा माणूस आमच्याकडे नाही, आणि असण्याचं कारणही नाही. आम्ही शेती शिकलो, शिकार नाही.

त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात आली, कापूस फुटलेला, तूर फुलावर, हरभरा नुकता वर आलेला. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

मग छर्रे खाऊन पळालेल्या डुकराचं काय होतं? ते मी पाहिलं आहे. आमच्या वावराखालच्या नाल्यात, करंजीच्या झाडाखाली, एक मादी पडली होती. कावळे जमले म्हणून आम्ही बघायला गेलो. मागचा पाय आणि पोट सडलेलं, जखमेत अळ्या, आणि ती जिवंत. माणसं जवळ गेली तरी उठता येत नव्हतं, नुसते कान हलवत होती. आमच्या घरातल्या पोराने कुऱ्हाड आणली. त्यालाच ते काम करावं लागलं. हे काम कायद्यात बसत होतं की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्या क्षणी कुणालाच त्याची फिकीर नव्हती. बार काढणाऱ्याने मात्र आपल्याकडून एक डुक्कर हुसकलं गेलं, एवढाच हिशेब ठेवला असणार. मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता होतं, असं कायदा सांगतो. अर्धमेलं कुणाच्या मालकीचं, हे कुठे लिहिलंय?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बंदूक नाही, परवान्याचे हेलपाटे परवडत नाहीत, आणि वरून "मारा" असाच निरोप आलेला. त्यातून जे निघतं त्याला गावठी बॉम्ब म्हणतात. स्फोटकाची पुडी कणकेच्या किंवा चरबीच्या गोळ्यात लपवून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, डुकराच्या वाटेवर टाकायची. डुक्कर चावलं की उडतं. पण चावणारं डुक्करच असेल, हे कोण सांगणार? गायी चावतात, कुत्री चावतात. मे २०२० मध्ये केरळच्या पलक्कड जिल्ह्यात अशाच फळात लपवलेल्या स्फोटकाने एक गाभण हत्तीण जबडा फुटून नदीत उभ्या उभ्या मेली, ती बातमी देशभर गेली. आपल्याकडे मेलेल्याची बातमी जात नाही, कारण आपल्याकडे मरतं ते खोकड.

त्या खोकडाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण कोल्हा-खोकड म्हटलं की शेतकऱ्याच्याही मनात कोंबडीचोर येतो. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला पडीक तुकडा आहे. तिथे बांधाच्या कडेला त्याचं बीळ होतं, दोन-तीन तोंडांचं. मांजराहून जरासं मोठं जनावर, शेपटीचं टोक काळं. त्याची विष्ठा पाहिली की ते काय खातं ते कळायचं: बोरांच्या बिया, किड्यांची कवचं, उंदरांचे केस. सोयाबीन कापणीनंतर ढिगाभोवती उंदीर वाढतात, तेव्हा संध्याकाळी ते हमखास दिसायचं. कान पुढे करून थांबायचं, मग दोन्ही पायांवर उडी. त्याने आमची कोंबडी एकदाही नेली नाही. नेली असती तरी वर्षभराच्या उंदरांपुढे तो सौदा वाईट नव्हता.

एका सकाळी ते तुरीच्या ओळीत बसलेलं सापडलं. खालचा जबडा नव्हता. सरीत रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं आणि ते पाणी प्यायला वाकत होतं. जीभ लोंबत होती, पाण्याला लागायची, पण पाणी आत जात नव्हतं. मान वर, पुन्हा खाली. आम्ही ज्यांना फोन करायचा त्यांना केला. गाडी दुसरीकडे गेली होती. दुपारी ते सरीतच मेलं. ज्याने गोळा टाकला त्याला खोकड मारायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. तो वाईट माणूस नाही, त्याचीही तूर डुकरांनी खाल्ली होती. पण त्याला धुऱ्यावर हे ठेवायची हिंमत कुठून आली? सरकारला डुक्कर मेलेलं हवंच आहे, कसं मेलं ते कुणी विचारणार नाही, या खात्रीतून आली.

तारेचंही तेच. वावराभोवती तार ओढून थेट वीज सोडायची. डुकरासाठी सोडलेल्या त्या विजेने २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा वाघ मेला, गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून सापडला. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरी, परसाकडे गेलेली बाई, शेजाऱ्याचा बैल, यांच्या गळ्यात कॉलर नसतो. विदर्भातल्या कोणत्याही जिल्ह्याचं पेपरातलं पान उघडा, पेरणीपासून हरभऱ्यापर्यंत या बातम्या येत राहतात. मग गुन्हा दाखल होतो, एक शेतकरी मेलेला आणि दुसरा तुरुंगात. एका धुऱ्याच्या दोन बाजूंची दोन्ही घरं उघड्यावर.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते. जंगलात फासा किंवा बॉम्ब सापडला की पहिली गाडी पारधी बेड्यावर जाते. अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, सवय गेली नाही. आमच्या भागात धुऱ्यावर गोळे टाकणारी आणि तारा ओढणारी माणसं पांढरपेशी, सातबारावाली, आमच्यातलीच आहेत. चौकशी करायची तर तिथून करा.

तिसरी तक्रार: मारून झालं काय, ते मोजलं का? २०१६ च्या जूनमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरं मारल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. त्यांच्याच सरकारचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरूनच परवानग्या दिल्याचं म्हटलं, आणि आठवडाभर दोघांची जुंपली. त्यात जनावरं किती मेली यावर खूप बोललं गेलं. धान किती वाचलं यावर कुणी बोललं नाही. ५३ डुकरं गेल्यावर त्या गावांतलं नुकसान पुढच्या हंगामात किती कमी झालं, याचा आकडा आपल्या खात्याकडे असेल तर तो कृपा करून जाहीर करा. असा आकडा असेल तर मी माझं म्हणणं बदलायला तयार आहे.

त्याच महिन्यात बिहारच्या मोकाम्यात हैदराबादहून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून जास्त रोही पाडले. केंद्राने तिथे रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले होते. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, बिहारच्याच वैशाली जिल्ह्यातला व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला: गोळी लागलेला, अजून पाय झाडणारा रोही जेसीबीने खड्ड्यात ढकलला जातोय आणि वरून माती पडतेय. दोनशे मारून प्रश्न सुटला असता तर तीन वर्षांनी तो खड्डा खणावा लागला नसता.

न सुटण्याचं कारण गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. डुकरीण चार महिन्यांत विते, एका वेळी चार-सहा पिलं, कधी जास्त. ती पिलं वर्षा-दीड वर्षात स्वतः वितात. बार काढला की कळप फुटतो, पांगतो, आणि एका वावराचा त्रास चार वावरांत वाटला जातो. जी मेली त्यांच्या वाट्याचा चारा उरलेल्यांना मिळतो. तुमची नेमबाज टोळी चार रात्री राहून जाते. डुक्कर बारमाही आहे.

जगात दुसरीकडेही हा वाद फार जुना. इंग्लंडच्या खेड्यात कोल्हा कोकरं आणि पाळलेले तितर खातो म्हणून वर्षभर गोळी घालतात, आणि शिकारी कुत्र्यांनी होणारी शिकारही (२००५ पासून ती तिथे कायद्याने बंद आहे) संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी गरजेची आहे, असं शिकारवाले वर्षानुवर्षं सांगत आले. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूतच्या साथीमुळे ती शिकार जवळजवळ वर्षभर बंद होती. संशोधकांनी आधी आणि नंतर कोल्ह्यांच्या खाणाखुणा मोजल्या. संख्या वाढलेली दिसली नाही. आमचं डुक्कर म्हणजे त्यांचा कोल्हा नव्हे, आणि कुत्र्यांची शिकार म्हणजे बंदूक नव्हे, हे मान्य. पण तिथे कुणीतरी मोजायला तरी गेलं. आपल्याकडे मारणं हाच पुरावा आणि मारणं हेच उत्तर.

डुकराची संख्या खरोखर कोण राखतं? वाघ, बिबट, रानकुत्री. माळावर लांडगा. पिलांवर कोल्हा टपलेला असतो. यातला प्रत्येक जण आमच्या विजेच्या तारेने, गावठी बॉम्बने आणि विषाने डुकराआधी मरतो. आमचा तालुका हे सांगायला हक्काचा आहे. २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघिणीच्या, म्हणजे बाहेर अवनी म्हणून गाजली तिच्या, हल्ल्यांत १३ माणसं गेल्याचं सांगितलं गेलं. त्या काळात अंधार पडला की गाव दारं लावायचं. जागल बंद पडली आणि डुकरांनी वावरं साफ केली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, हे लपवत नाही. तरीही त्या प्रकरणात कोर्टकचेरी झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने नियम पाळले गेले नसल्याचा अहवाल दिला. एका वाघिणीवर गोळी कशी झाडली याची चौकशी होऊ शकते, तर रोह्यावर कशी झाडली याची साधी नोंदसुद्धा का नसावी?

चौथी तक्रार भरपाईची. तिच्यावर एवढं लिहून झालंय की मी थोडक्यात आटोपते. पंचनाम्याला वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र लागतात आणि ती एकत्र येईपर्यंत मोडलेलं पीक वाळून सरपण झालेलं असतं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी पीकविम्यात धरली जाईल, ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. चांगलं आहे. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग, ती यादी राज्याने द्यायची आहे. आमच्या जंगलकाठच्या वावरात फोनला रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं, तेही ती यादी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कुंपणाचंही सांगते. सौर कुंपण, ज्याला आम्ही झटका मशीन म्हणतो, ते खरंच चालतं. ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. पण ते एकेका शेतकऱ्याला मिळतं. ज्याच्याकडे आपला हिस्सा भरायला पैसे, त्याच्या वावराला झटका. मग ती डुकरं शेजारच्या दोन एकरवालीच्या वावरात. तारेखालचं गवत सारखं काढत राहावं लागतं, नाहीतर करंट जमिनीत उतरतो. बॅटरी चोरीला जाते. पावसात मशीन बिघडलं तर दुरुस्ती यवतमाळला. अख्ख्या गावशिवाराला जंगलाच्या बाजूने एकच कुंपण आणि ते राखायला गावातल्याच दोन पोरांना पगार, असं केलं तर खर्चही कमी आणि कुणाची डुकरं कुणाच्या वावरात हा तंटाही नाही.

आता मागण्या.

शेतकऱ्याच्या हातात परवान्याचा कागद देणं थांबवा. जिथे मारणं खरोखर टळत नाही, तिथे ते काम आपल्या खात्याच्या प्रशिक्षित पथकाने करावं, योग्य रायफलने, आणि जखमी जनावर सापडून संपेपर्यंत पथकाने शिवार सोडू नये. आदेश कुणी दिला, गोळी कुणी झाडली, किती झाडल्या, किती जनावरं मेली, किती जखमी होऊन निसटली, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. केरळने मे २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडे दिला आणि स्फोटकं, विष, वीज यांना मनाई केली. त्यांचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण आदेश देणारा माणूस गावाला ओळखीचा असतो, चौकात अडवून विचारता येतो.

अशा प्रत्येक मोहिमेआधी आणि नंतरच्या दोन हंगामांत त्या शिवारातलं नुकसान मोजा. कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे, त्यांना सोबत घ्या. नुकसान कमी झालं नाही तर त्या शिवारात पुन्हा गोळी नको.

गावठी बॉम्बचा माल कुठून येतो ते शोधा. धुऱ्यावर गोळा ठेवणारा शेतकरी सापडणं सोपं आहे. त्याला पुडी विकणारा कधीच सापडत नाही. विजेच्या तारांसाठी महावितरण आणि वनखात्याने पेरणीनंतर आणि रब्बीत एकत्र गस्त घालावी. पहिल्यांदा तार सापडली तर जप्त करून त्याच शेतकऱ्याला कुंपणाच्या यादीत आधी घ्या, दुसऱ्यांदा सापडली तर गुन्हा. त्याला पर्याय न देता पकडत राहाल, तर तो पुढच्या वेळी तार आणखी झाकून ओढेल.

शिवाराच्या सामूहिक कुंपणाला राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करा, जंगलकाठच्या गावांपासून सुरुवात करून. पीकविम्याच्या यादीत रानडुक्कर आणि रोही दोन्ही, आणि आमच्यासारखे तालुके, पहिल्याच वर्षी घाला. पंचनामा करणारी माणसं वेळेत आली नाहीत तर ग्रामपंचायतीने फोटोसह केलेली नोंद ग्राह्य धरा.

आणि जखमी वन्यप्राणी दिसला तर कळवायला तालुक्यात एक असा फोन असू द्या जो उचलला जातो, आणि एक अशी गाडी जी दुसरीकडे गेलेली नसते.

मला ठाऊक आहे, "मारा" म्हणणं सोपं आहे, त्याला खर्च नाही आणि टाळ्या आहेत. वरच्या बहुतेक गोष्टींना पैसे लागतात. पण जंगल सरकारचं, त्यातलं जनावर सरकारचं, मेल्यावर त्याचं मढंही सरकारचं. तर त्याने खाल्लेल्या पिकाचा आणि त्याला मारण्याचा भार तेवढा आमचा का? आमच्या गावात जीव घेणारी माणसं नाहीत असं नाही. मात्र सरकारचं काम म्हणून आपल्या पोरांनी रात्री वावरात बसून अंधारात बार काढावेत, अशी कुणाची इच्छा नाही. मी बायकांच्या बचतगटात विचारलं. एकीनेही हात वर केला नाही.

या पत्राचं उत्तर लेखी हवं आहे. १ मे रोजी ग्रामसभा आहे. तोवर आलं तर तिथे सर्वांसमोर वाचून दाखवू. आलं नाही, तर उत्तर आलं नाही एवढी नोंद इतिवृत्तात करू आणि २ ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा विषयपत्रिकेवर घेऊ.

आपली,
एक शेतकरी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ